प्रवासातील आग आणि सावकाश उतरणारी माणसे

एक साधा प्रयोग घरच्या अंगणात करून पाहावा, अशी माझी विनंती आहे. आपल्या घरातील ज्या व्यक्तीला मोटारीतून उतरण्यास सर्वांत अधिक वेळ लागतो, त्या व्यक्तीला नेहमीच्या जागी बसवा, पट्टा लावा, दार बंद करा. मग घड्याळाकडे पाहून त्यांना उतरवा आणि गाडीपासून तीस पावले दूर न्या. आमच्याकडे ही वेळ दोन मिनिटे दहा सेकंद भरली. औषधाचा अंमल ओसरत आला असता तोच प्रयोग केला, तेव्हा साडेतीन मिनिटे लागली.

आमच्या ह्यांना नऊ वर्षांपासून कंपवात आहे. आम्ही राहतो सिद्धेश्वरला, पूर्णा नदीवरच्या धरणाच्या गावी. मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवायचे तर नांदेडला जावे लागते. औंढा नागनाथ, वसमत आणि पुढे नांदेड असा हा दीड-दोन तासांचा रस्ता आम्ही वर्षातून पाच-सहा वेळा तरी करतो. मुलगा गाडी चालवतो, हे मागे डाव्या बाजूला बसतात आणि त्यांच्या शेजारी मी. कंपवाताच्या रुग्णाचे पाय कधी कधी जमिनीला खिळल्यासारखे होतात, हे ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना ठाऊक आहे. अशा वेळी घाई केली, हात धरून ओढले, तर पाय अधिकच घट्ट होतात. म्हणूनच दोन मिनिटे दहा सेकंद हा आकडा मी वहीत लिहून ठेवला आणि त्यानंतर गाडीत अग्निशामक बसवण्याचा विषय घरात गांभीर्याने निघाला.

धडधाकट माणसाच्या दृष्टीने जळणाऱ्या गाडीचा प्रश्न सोपा आहे. दार उघडायचे आणि पळायचे. गाडीचा विमा असतो. परंतु ज्यांच्या घरी पक्षाघाताचा रुग्ण आहे, गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली आई आहे, चाकाच्या खुर्चीवरचे वडील आहेत, त्यांच्यासाठी आगीचा अर्थ निराळा होतो. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. बस दाराच्या बाजूवर आडवी झाल्याने दारच बंद झाले होते, आणि जे वाचले ते काच फोडून बाहेर आले. त्याआधी ८ ऑक्टोबर २०२२ रोजी पहाटे नाशिकमध्ये यवतमाळहून मुंबईकडे जाणाऱ्या बसला अपघातानंतर आग लागून १२ जण दगावले. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई-आग्रा महामार्गावर पिंपळगाव बसवंतजवळ एका मोटारीला आग लागली आणि आतील गृहस्थांचा मृत्यू झाला. दारे आतून बंद होऊन राहिली आणि गाडीतील सॅनिटायझरमुळे आग भडकली असावी, असा संशय त्या वेळच्या बातम्यांतून व्यक्त झाला होता. या घटना मी भीती घालण्यासाठी सांगत नाही. तिन्ही ठिकाणी प्रश्न बाहेर पडण्याच्या वेळेचा होता, एवढेच त्यांतून घ्यायचे आहे.

मोटारीतील लहान अग्निशामकाकडून काय अपेक्षा ठेवायची, हे त्यामुळे आधीच ठरवून टाकलेले बरे. एक किलोच्या सिलिंडरातील भुकटी सलग सोडली तर आठ-दहा सेकंदांत संपते. पेटलेली संपूर्ण मोटार विझवणे हे त्याचे कामच नव्हे. बॉनेटखाली धूर निघू लागला आहे, पहिली ज्योत दिसते आहे, सीटचे कापड धुमसते आहे, अशा आरंभीच्या क्षणी तो उपयोगी. आग तिथेच थांबली तर उत्तम. न थांबता नुसती मागे हटली, तरी आपल्या माणसाला उतरवण्यास लागणारी मिनिटे पदरात पडतात. आमच्यासारख्यांना हवी असते ती हीच सवड. हिंगोलीहून अग्निशमन दलाचा बंब निघाला तरी आमच्या गावच्या रस्त्यावर तो पोहोचेपर्यंत गाडीचा सांगाडा उरलेला असणार. त्यात त्या दलाचा दोष नाही, दोष अंतराचा आहे.

आता निवडीविषयी. दुकानात गेलात की तीन-चार प्रकार समोर मांडले जातात. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर स्वच्छ असतो, मागे कचरा ठेवत नाही, म्हणून विक्रेते त्याची शिफारस करतात. परंतु त्याची पोलादी नळी जड असते, उघड्यावर वाऱ्याने वायू उडून जातो, आणि बंद गाडीत तो वायू श्वासाची हवाच हटवतो. दम्याचे किंवा फुप्फुसांचे रुग्ण ज्या गाडीतून प्रवास करतात, त्या गाडीसाठी मी तो घेणार नाही. महागडे ‘क्लीन एजंट’ वायूचे सिलिंडर चांगले असतात, पण ते लहान गावात भरून मिळणे कठीण. फवारणीच्या डब्यासारखे अर्धा लिटरचे लहान डबे मिळतात, एका बोटाने दाबता येतात, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना आवडतात. त्यांची ताकद मात्र ॲश-ट्रेमधल्या आगीपुरती समजावी. आगीत फेकायचा चेंडू म्हणून जो विकला जातो, तो गाडीच्या आत माणसे असताना वापरण्याची कल्पना मला तरी पटत नाही.

उरतो तो ‘एबीसी’ भुकटीचा सिलिंडर, आणि सामान्य कुटुंबाच्या गाडीसाठी तोच योग्य. आपल्याकडच्या वर्गीकरणात ‘ए’ म्हणजे कापड, फोम, लाकूड अशा घन वस्तूंची आग, ‘बी’ म्हणजे पेट्रोल-डिझेलसारख्या द्रवांची आणि ‘सी’ म्हणजे वायूंची. मोटारीत तिन्ही असतात. सीएनजीची गाडी असेल तर तिसरे अक्षर अधिकच महत्त्वाचे. या भुकटीत मुख्यत्वे मोनो अमोनियम फॉस्फेट असते. ती आगीच्या साखळीत अडथळा आणते आणि तापून वितळली की जळत्या वस्तूवर पापुद्रा धरते. एक गोष्ट ती करीत नाही. ती थंड करीत नाही. म्हणून विझलेली आग पुन्हा पेट घेऊ शकते, आणि विझली असे वाटल्यावर सामान काढायला गाडीत शिरणे धोक्याचे असते.

खरेदी करताना सिलिंडरावर आय.एस. १५६८३ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि आयएसआयची खूण पाहावी. शिवाय ‘ए’ आणि ‘बी’ या अक्षरांच्या आधी आकडे छापलेले असतात. दोन सारख्या वजनाच्या सिलिंडरांत ज्याचे आकडे मोठे, त्याची विझवण्याची क्षमता अधिक. हे विक्रेता सहसा सांगत नाही, आपणच वाचायचे. गेज असलेलाच घ्यावा, म्हणजे आतला दाब हिरव्या पट्ट्यात आहे की नाही ते दिसते. एक किलोचा सिलिंडर हजार-दीड हजार रुपयांच्या आसपास मिळतो. दोन किलोचा अधिक वेळ चालतो हे खरे, परंतु भरलेला सिलिंडर एका हाताने उचलून धरता आला पाहिजे. माझ्या बोटांना संधिवात आहे. दुकानात मी दोन्ही उचलून पाहिले आणि एक किलोचा घेतला.

संधिवात असलेल्यांनी आणखी एक गोष्ट दुकानातच पाहून घ्यावी. रिकामा किंवा नमुन्याचा सिलिंडर मागा, त्याची पिन ओढून पाहा आणि मूठ दाबून पाहा. पिनेला प्लॅस्टिकचे बारीक सील असते, ते पिळले की तुटते. बहुतेक जण घाबरून मूठ आवळून धरतात आणि त्याच वेळी पिन ओढतात. मुठीच्या दाबाने पिन आत अडकून बसते व सिलिंडर खराब आहे असे वाटते. आधी पिन, मग मूठ. हा क्रम हाताच्या सवयीचा व्हायला हवा, नुसता डोक्यात असून भागत नाही. दुकानदाराला हा सगळा उद्योग गमतीचा वाटला, पण पाच मिनिटांनी तोच मला तीन निरनिराळ्या बनावटीच्या मुठी काढून दाखवू लागला. त्यांतली एक खरोखरच मऊ निघाली.

सिलिंडर घेतला आणि डिकीत टाकला, असे शेकडो गाड्यांत झालेले असते. डिकीतील अग्निशामक हा नसल्यातच जमा. त्याच्यावर सामान, सामानावर पिशव्या, आणि मागून धडक बसली तर डिकीचे झाकणच उघडत नाही. सैल ठेवलेल्या सिलिंडराचे दुसरे भयही आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी धडकेत एक दशांश सेकंदात थांबली, तर आतील प्रत्येक वस्तू आपल्या वजनाच्या सुमारे चौदा पट जोराने पुढे फेकली जाते. कवचासकट दोन किलो भरणारा सिलिंडर तेव्हा २८ किलोच्या जोराने कोणाच्या तरी मानेवर किंवा डोक्यावर येईल. चालकाच्या पायाशी घरंगळत आला आणि ब्रेकखाली अडकला, तर आग लागण्याची वाटही पाहावी लागणार नाही.

आणि मराठवाड्याचा उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यांत बाहेर ४२ अंश असताना बंद गाडीच्या आत त्याहून वीस अंशांनी सहज अधिक तापते आणि काचेखालचा डॅशबोर्ड तर हात लावू देत नाही. सिलिंडर किती तापमानापर्यंत सुरक्षित आहे, हे त्याच्या लेबलवर छापलेले असते. ती मर्यादा डॅशबोर्डवर किंवा मागच्या काचेखालच्या फळीवर ओलांडली जाऊ शकते. म्हणून त्याची जागा खाली, सावलीत, पायांच्या पातळीवर. गाडीतील सर्वांत थंड भाग तोच.

आम्ही पुढच्या डाव्या सीटच्या पुढील कडेला, खाली, आडवा बसवला. त्यामागे कारण आहे. आपल्याकडे वाहन रस्त्याच्या डाव्या बाजूला थांबते, त्यामुळे डावे दार वाहतुकीकडे नव्हे तर कडेच्या मोकळ्या जागेकडे उघडते. चालक आतून डावा हात लांब करून सिलिंडर घेऊ शकतो आणि बाहेर उभ्या माणसालाही डावे दार उघडून तो घेता येतो. आपल्या घरातील वृद्ध व्यक्ती पुढे डावीकडेच बसत असेल तर मात्र तिथे पायांना अडथळा होईल, घोट्याला लागेल. अशा वेळी चालकाच्या सीटच्या कडेची जागा शोधावी. तिथे तो कोणत्याही परिस्थितीत पेडलपर्यंत सरकू नये, याची खात्री करूनच. दाराच्या वरचे खांब आणि छताच्या कडा टाळाव्यात, कारण बऱ्याच गाड्यांत पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅगा तिथेच दडलेल्या असतात.

ब्रॅकेट धातूचे हवे, दोन पट्ट्यांचे, आणि एका झटक्यात उघडणाऱ्या खिट्टीचे. सिलिंडराबरोबर फुकट मिळणारी प्लॅस्टिकची चिमटी घराच्या भिंतीसाठी ठीक आहे, उसळत्या गाडीसाठी नाही. नुसता वेल्क्रोचा पट्टाही पुरत नाही आणि रबरी पट्टा उन्हाने दोन वर्षांत तडकतो. औंढ्याच्या मेकॅनिकने काम सुरू करण्यापूर्वी सीट मागेपुढे सरकवून खालची प्रत्येक वायर पाहिली. “बाई, पिवळी वायर दिसली की मी तिथं हात घालत नाही,” तो म्हणाला. एअरबॅग आणि पट्टा ताणणाऱ्या यंत्रणेच्या तारा सहसा पिवळ्या वेष्टणात असतात आणि कित्येक गाड्यांत सीटखालून जातात. त्याने जमिनीला भोक पाडलेच नाही. सीटच्या पायाचे जे मूळचे बोल्ट होते, त्यांतच एक लोखंडी पट्टी बसवून तिच्यावर ब्रॅकेट कसले. फरशीखालून इंधनाची किंवा ब्रेकची नळी गेलेली असू शकते. म्हणून भोक पाडायला निघालेल्या कारागिराला आधी गाडी वर उचलून खालची बाजू पाहायला सांगावी. बसवून झाल्यावर सीट पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे सरकते का, हेही पाहावे. सिलिंडर आडवा ठेवायला हरकत नाही, वापरताना मात्र तो उभा धरायचा. आतली नळी बुडाशी असते, आडवा धरला तर निम्मी भुकटी आतच राहते.

आता सर्वांत कठीण भाग, आणि तो सिलिंडराचा नाही. कोण काय करणार, हे आधी ठरलेले असले पाहिजे. आमच्याकडे असे ठरले आहे की मुलगा गाडी डाव्या कडेला घेऊन थांबवेल, इंजिन बंद करील, दारांची कुलुपे उघडील, बॉनेटची आतली कळ ओढील आणि सिलिंडर घेऊन उतरेल. माझे काम फक्त ह्यांचे. त्यांचा पट्टा सोडवायचा, पाय बाहेर वळवायचे, आणि “एक-दोन, एक-दोन” असा ठेका धरायचा. पाय खिळले की हात ओढायचा नाही. ठेका दिला किंवा जमिनीवरच्या एखाद्या रेघेवरून पाऊल टाकायला सांगितले तर पाय सुटतात, हे कंपवाताच्या व्यायामात शिकवतात आणि ते खरोखर लागू पडते. औषधाची वेळही आम्ही प्रवासाशी जुळवून घेतो. अंमल चांगला असताना रस्त्यावर असावे, कारण तेव्हा ते निदान उभे राहू शकतात.

ज्या घरी एकच माणूस गाडी चालवतो आणि तोच काळजीवाहू असतो, त्याने आधी माणूस, मग सिलिंडर हा क्रम सोडू नये. अपवाद एकच. धूर बॉनेटमधून येतो आहे, ज्योत लहान आहे, आणि रुग्णाला उतरवायला मिनिटे लागणार आहेत. तेव्हा आधी त्या ज्योतीला मागे रेटणे योग्य. बॉनेट पूर्ण वर उचलू नये, हवा मिळून आग भडकते. फट ठेवून त्यातून, किंवा पुढच्या जाळीतून, वाऱ्याकडे पाठ करून, ज्वाळेच्या टोकावर नव्हे तर बुडाशी भुकटी मारावी आणि केरसुणी फिरवल्यासारखा हात या कडेहून त्या कडेला न्यावा. ज्वाळा इंजिनच्या बाहेर, काचेपर्यंत आल्या असतील, किंवा विजेवर चालणाऱ्या गाडीची बॅटरी पेटली असेल, तर सिलिंडर टाकून द्यावा आणि दूर व्हावे. १०१ हा अग्निशमनाचा, १०८ रुग्णवाहिकेचा आणि ११२ कोणत्याही आणीबाणीचा क्रमांक. हे तीन आकडे माझ्या पर्समध्ये मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहेत, कारण घाबरलेल्या माणसाला मोबाइलचा पडदा नीट दिसत नाही.

गाडीच्या आत बसून भुकटी शक्यतो सोडू नये. तिचा लोट दाट असतो, दिसेनासे होते, खोकल्याची उबळ येते, आणि ज्यांची फुप्फुसे आधीच थकलेली आहेत त्यांना ती उबळ जड जाते. परंतु आतच कापड पेटले असेल तर विचार करीत बसू नये. जळणाऱ्या फोमचा आणि प्लॅस्टिकचा धूर भुकटीपेक्षा कितीतरी विषारी असतो. त्यात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतो.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या घरी एक खरा पेच आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. चालत्या गाडीत रुग्ण दार उघडील या भीतीने मागच्या दारांना ‘चाइल्ड लॉक’ लावतात. ते योग्यच आहे. परंतु मग ते दार आतून कोणालाही उघडत नाही, शेजारी बसलेल्या काळजीवाहू माणसालाही नाही. यावर मला सुचलेला उपाय असा की रुग्णाच्या बाजूच्या एकाच दाराला लॉक लावावे, काळजीवाहू दुसऱ्या बाजूला बसावा, आणि त्याच्या दाराला लॉक नसावे. तो उतरून वळसा घालून बाहेरून रुग्णाचे दार उघडू शकतो, कारण चाइल्ड लॉक बाहेरच्या कडीला अडवत नाही. मध्यवर्ती कुलूप अडकले तर काय, याचाही विचार हवा. काच फोडण्याची टोकदार हातोडी, जिच्यात पट्टा कापण्याचे पाते असते, ती डोळ्यांसमोर, हाताशी ठेवावी. फोडायची ती बाजूची काच, आणि तीही कोपऱ्यात. पुढची काच दोन थरांची असते, ती फुटून पडत नाही.

प्राणवायू घेणाऱ्या रुग्णांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण आता गावोगावी घरी सिलिंडर आणि कॉन्सन्ट्रेटर आहेत. प्राणवायू स्वतः जळत नाही, परंतु त्याच्या सान्निध्यात इतर सर्व काही सहज आणि वेगाने जळते. गाडीत त्याची टाकी सैल असू नये, पट्ट्याने बांधलेली असावी. गरज नसेल तेव्हा तिचा व्हॉल्व्ह बंद असावा, काच थोडी खाली असावी आणि गाडीत विडी-सिगारेट कोणीही ओढू नये, अगदी पाहुण्यानेही. व्हॉल्व्हला तेल किंवा ग्रीस कधीही लावू नये. नळीमुळे ओठ-नाक कोरडे पडते म्हणून व्हॅसलीन लावण्याची आपली सवय असते. त्याऐवजी पाण्यात विरघळणारे मलम डॉक्टरांना विचारून घ्यावे. आग लागलीच तर आधी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करणे, हे त्या गाडीतील पहिले काम.

वास येणे हीसुद्धा एक सुरक्षायंत्रणा आहे. कंपवातात पुष्कळदा गंधाची जाण कमी होते, वयानेही होते, आणि मधुमेहाने बधिर झालेल्या पायांना फरशी तापल्याचे कळत नाही. त्यामुळे गाडीत जळकट वास आला की आमच्या ह्यांना तो कळणार नाही, हे आम्ही गृहीत धरतो. ज्याचे नाक तरतरीत आहे त्याने बोलायचे आणि चालकाने ‘पुढच्या ढाब्यावर पाहू’ असे न म्हणता तिथेच थांबायचे.

आमच्या भागात आगीची कारणे शहराहून थोडी वेगळी असतात. हंगामात शेतकरी सोयाबीन, तूर डांबरी रस्त्यावर पसरतात, वाळका काड सायलेन्सरला आणि चाकांच्या दांड्याला गुंडाळला जातो आणि तापून धुमसू लागतो. अशा पसाऱ्यावरून गेल्यावर दोनशे-तीनशे मीटर पुढे थांबून खाली वाकून पाहिलेले बरे. महाशिवरात्रीला औंढ्याला गर्दी होते, तेव्हा गाड्या वाळलेल्या गवतावर उभ्या करतात. नुकत्याच थांबलेल्या गाडीचा खालचा भाग ते गवत पेटवण्याइतका गरम असू शकतो. कडब्याच्या गंजीजवळ गाडी लावली की उंदीर बॉनेटमध्ये घरटे करतात, तारा कुरतडतात. आणि बाजारातून बसवून घेतलेले मोठे दिवे, हॉर्न, स्पीकर यांसाठी मूळ वायरिंग कापणारे कारागीर तर सगळीकडेच आहेत. सॅनिटायझर, अत्तराच्या बाटल्या, लायटर उन्हात गाडीत ठेवू नयेत, हे वेगळे सांगायला नको.

सिलिंडर बसवल्यावर तो विसरून जाणे हे सर्वांत सोपे. गाडीच्या हादऱ्यांनी भुकटी तळाशी दबून बसते, म्हणून दोन-तीन महिन्यांनी तो काढून उलटासुलटा करावा आणि तळव्याने थोपटावा. गेजचा काटा हिरव्यात आहे ना, पाहावे. गेज फक्त दाब सांगते, भुकटी किती आहे ते सांगत नाही. त्यासाठी किराणा दुकानाच्या काट्यावर वजन करून लेबलवरच्या एकूण वजनाशी ताडून पाहावे. आम्ही हे वजन दर वर्षी १४ एप्रिलला करतो. आंबेडकर जयंतीमुळे तारीख विसरली जात नाही, आणि १९४४ साली याच तारखेला मुंबई गोदीतील स्फोटात प्राण गमावलेल्या अग्निशामक जवानांच्या स्मरणार्थ देशभर अग्निशमन सेवा दिनही पाळतात. सिलिंडर एकदा सेकंदभर जरी वापरला तरी तो पुन्हा भरून घ्यावा लागतो. भुकटीचे कण झडपेत अडकतात आणि दाब हळूहळू निघून जातो. भरायला देताना दुकानदाराला आपल्यासमोर तो पूर्ण रिकामा करायला सांगा. त्या निमित्ताने शेतात एखादे शेणकुटांचे लहान आगटे पेटवून घरातील प्रत्येकाने एकदा तरी मूठ दाबून पाहावी. मागच्या खेपेला आमच्या सुनेने ती दाबली, आणि ठेका देण्याचे काम यापुढे मी, सिलिंडराचे ती, असा बदल आमच्या वहीत झाला. मुलगा गाडीवर नसेल त्या दिवसांसाठी.